उरले फक्त चाळीस

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जो आकडा उतरत जायचा
तो उतरवणारा मी.
एकोणीस वर्षं. डलूथ, मिनेसोटा.
बाहेर सरोवर थिजलेलं, आत मी
एका बोटाने
जगातली हरेक वस्तू दुर्मिळ करत बसलेलो.

सुरुवात अपघाताने झाली.
शहाऐंशीच्या जानेवारीत महामार्गावर ट्रक घसरला,
विजेवर पाय शेकायच्या सहाशे पिशव्या
रस्त्याकडेच्या बर्फात.
खोकी चेपलेली, माल धडधाकट.
लॉवेल टोर्गर्सनने तो मातीमोल उचलला,
बंद पडलेल्या स्केटिंगच्या हॉलमध्ये कॅमेरा लावला
आणि आर्डिसला म्हणाला, बोल.

आर्डिस तोवर चर्चमध्ये सूचना वाचायची:
कुणाचं दफन, कुणाच्या लग्नाची पंचविशी,
हरवलेला एक हातमोजा.
तिने बूट काढले, मोजे काढले,
जाड घोट्यांचे, भेगाळलेले पाय पिशवीत घातले
आणि कितीतरी वेळ बोललीच नाही.
नुसती "हां" म्हणाली,
दिवसभर उभं राहिलेलं माणूस म्हणतं तसं.
फोन सहा होते. सहाही वाजले.

मग काय, सुऱ्या, साखळ्या, खोट्या हिऱ्यांच्या अंगठ्या,
बटाटे आपोआप सोलणारं काहीतरी,
जे सोलत नसे.
आर्डिसचा उजवा हात तिच्या चेहऱ्याहून प्रसिद्ध झाला.
इस्त्री दाखवताना अंगठा भाजला, ती हसत राहिली.
कॅमेरा फिरल्यावर मी पायरीवरचा बर्फ आणून दिला.
तेवढी एक गोष्ट आमच्याकडे खरोखर अमाप होती.

माझं यंत्र एका बेकरीतलं,
गिऱ्हाइकांचे नंबर दाखवणारं, उलटं जोडलेलं.
त्याला बटण एकच: उणे.
गोदामात दोन हजार असोत,
पडद्यावर चाळीसपासून सुरू करायचं.
अडतीस. सदतीस.
मग जरा थांबायचं, लोकांना घाम फुटू द्यायचा,
मग एकदम एकतीस.
पाप म्हणा, पगार म्हणा,
दर शुक्रवारी हातात पडायचा.

गुरुवारी पहाटे तीनला, टू हार्बर्सहून,
व्हर्टानेनबाईंचा फोन.
नवरा खनिजाच्या जहाजावर होता.
"होता", एवढंच सांगायच्या.
दिवा घ्यायच्या, कढई घ्यायच्या,
दर तासाला वेगळा पक्षी ओरडणारं घड्याळ,
आणि दहाव्या दिवशी सगळं परत.
न उघडता. आमचीच दोरी, आमचीच गाठ.
लॉवेल चरफडायचा, पण मुदत तीस दिवसांची,
त्यानेच छापलेली.
आर्डिसला मात्र केव्हाच उमगलं होतं:
सामान आणणारा पोऱ्या एकदा येतो,
न्यायला पुन्हा येतो,
आणि उणे वीसमध्ये
दारातल्या माणसाला कॉफी विचारावीच लागते.
एका वस्तूमागे दोन कॉफ्या.
आमच्या मुनीमापेक्षा बाईंचा हिशोब पक्का.

फक्त ती पाय शेकायची पिशवी, पहिल्या दिवशीची,
ती कधी परत आली नाही.

मी लॉवेलला एकदा विचारलं,
परत आलेल्या वस्तूंचा आकडा वाढवायचा कसा?
तो सँडविच खात होता.
म्हणाला, वाढणारा आकडा बघायला कोण जागं राहतं?

दोन हजार पाचला टेनेसीच्या कंपनीने चॅनेल घेतलं.
आकडा आता संगणक उतरवणार, आणि खराखुरा, म्हणे.
हॉलमध्ये लोक आता जुनं फर्निचर ठेवतात,
महिन्याला भाडं भरून, कुलूप लावून.
त्यातलं निम्मं आम्हीच विकलेलं असणार.

यंत्र मी घरी आणलंय.
कधी पहाटे तीनला जाग येते,
मी प्लग लावतो.
चाळीस उजळतं, बेकरीच्या लाल रंगात.
मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतो,
उजाडेपर्यंत
चाळीसचे चाळीस.